शोधाशोध : निळी, लाल आणि हिरवी शाई

प्रकल्प आणि लघुप्रबंध जमा करायचे दिवस जवळ आले की या सदराची टपाल-पिशवी फुगते. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आली आहेत. आपल्याच देशात जन्मलेल्या आणि आपल्याच माणसांवर शस्त्र उगारणाऱ्या संघटनांचा अभ्यास कसा करायचा, असं सगळ्यांनी विचारलंय. म्हणून हा महिना त्याच विषयाला देते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी कोल्हापुरात एका दैनिकाच्या संदर्भ विभागात सत्तावीस वर्षं कात्रणं कापली, चिकटवली आणि पाकिटांत लावली. मी पोलीस खात्यातली नाही, वकीलही नाही. कोणता कागद कुठे सापडतो आणि त्यावर किती विसंबायचं, हे मात्र मला नीट ठाऊक आहे.

प्रश्न : मॅडम, मी एम.ए. राज्यशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘देशांतर्गत दहशतवादी संघटना : उगम, उद्दिष्टे आणि कारवाया’ असा विषय सरांनी मंजूर केलाय. मोबाइलवर शोधलं तर ढीगभर सापडतं, पण एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. सुरुवात कुठून करू? (एक विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

बाळ, सगळ्यात आधी विषय लहान कर. ‘संघटना’ असं अनेकवचन ठेवलंस तर शंभर पानांत दहा संघटनांची वरवरची ओळख होईल आणि मौखिकीत पहिल्याच प्रश्नाला अडशील. एक संघटना घे, एक प्रदेश घे, दहा-पंधरा वर्षांचा काळ घे.

मग स्टेशनरीच्या दुकानातून एक दोनशेपानी वही आणि तीन रंगांची पेनं आण. हे मी अगदी शब्दशः सांगतेय. संघटना स्वतःबद्दल जे म्हणते, म्हणजे तिचा जाहीरनामा, पत्रकं, घटना, नेत्यांच्या मुलाखती, ते निळ्या शाईत. पोलीस आणि सरकार जे म्हणतात, म्हणजे प्रेसनोट, आरोपपत्र, गृह मंत्रालयाचे वार्षिक अहवाल, ते लाल शाईत. न्यायालयाने पुरावा तपासून जे सिद्ध धरलं तेवढंच हिरव्या शाईत. वृत्तपत्रातलं सगळं शिसपेन्सिलीने लिहायचं, कारण त्यातलं बरंचसं पुढे कोणत्या ना कोणत्या शाईत जातं आणि काही खोडावं लागतं. महिन्याभराने वही उघडलीस की तुझं तुलाच दिसेल. ‘उद्दिष्टं’ या प्रकरणात निळं जास्त असतं, ‘कारवाया’मध्ये लाल, आणि हिरवं सगळीकडेच कमी. तुझ्या सापडलेल्या गोष्टी जुळत नाहीत, कारण इंटरनेटवर हे तिन्ही रंग एकाच शाईत छापलेले असतात.

हे मी एका चुकीतून शिकले. ८ सप्टेंबर २००६ला मालेगावात स्फोट झाले. शब-ए-बारातचा शुक्रवार होता, कब्रस्तानात गर्दी होती, तीसहून जास्त माणसं गेली. पुढच्या काही महिन्यांत नऊ जण पकडले गेले, ते सगळे मुस्लीम होते. त्यांच्या बातम्यांचं पाकीट मी उघडलं आणि जाड स्केचपेनने वर लिहिलं, ‘मालेगाव स्फोट – दहशतवादी’. ‘आरोपी’ लिहायला हवं होतं. पुढची काही वर्षं आमचे बातमीदार संदर्भ मागायला यायचे, ते पाकीट न्यायचे आणि पाकिटावरचाच शब्द बातमीत जायचा. पुढे तपास दुसऱ्या यंत्रणांकडे गेला, संशयाची दिशाच फिरली, आणि एप्रिल २०१६मध्ये विशेष न्यायालयाने त्या माणसांना आरोपातून मुक्त केलं. बातमी आली त्या दिवशी मी पाकीट काढलं. पुठ्ठा पिवळा पडला होता, डिंक सुटून दोन कात्रणं आत घसरली होती, शब्द मात्र तसाच काळाकुळीत. मी लेबल बदललं, पण जुनं फाडलं नाही, नव्याच्या खाली राहू दिलं. विभागात नवीन मुलगा किंवा मुलगी आली की त्यांना मी सगळ्यात आधी ते पाकीट दाखवायचे.

याच्या उलटही घडतं. जनरल अरुणकुमार वैद्य यांचा १० ऑगस्ट १९८६ला पुण्यात खून झाला. १९८४च्या ऑपरेशन ब्लू स्टारच्या, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईच्या वेळी ते लष्करप्रमुख होते, त्याचा हा सूड. मारणारे खलिस्तान कमांडो फोर्सचे होते. त्यांनी न्यायालयात आपलं कृत्य नाकारलं नाही, उलट कारणासकट सांगितलं. सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला आणि ९ ऑक्टोबर १९९२ला येरवड्यात दोघांना फाशी झाली. तिथे निळी, लाल आणि हिरवी शाई एकाच ओळीवर येतात. असं जुळलं की बेलाशक ठाम वाक्य लिही. न जुळलं तर ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द वगळू नकोस, कितीही कंटाळवाणे वाटले तरी.

आता उगमाबद्दल. तुझ्या पत्रात खाली गडचिरोलीचा उल्लेख आहे, म्हणून तेच उदाहरण घेते. १९८० साली पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाच्या तुकड्या आंध्रातून नदी ओलांडून आपल्या बाजूला आल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिरोंचा भागात पेद्दी शंकर हा त्यांचा कार्यकर्ता पोलिसांच्या गोळीने मेला. हे शोधायला ‘गडचिरोली’ नावाने जुन्या फायली चाळशील तर हाती काही लागणार नाही. गडचिरोली जिल्हाच मुळी २६ ऑगस्ट १९८२ला झाला, त्याआधीचं सगळं ‘चंद्रपूर’खाली आहे. नावांचंही तसंच. आज आपण सरसकट ‘माओवादी’ म्हणतो, पण भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) हा पक्ष २१ सप्टेंबर २००४ला जन्मला, पीपल्स वॉर आणि माओइस्ट कम्युनिस्ट सेंटर यांच्या विलीनीकरणातून. त्याआधीच्या घटनेला ‘माओवादी पक्षाने केलं’ असं लिहिलंस तर परीक्षक तिथेच बोट ठेवतील. मागे जात गेलीस तर कोंडापल्ली सीतारामय्यांनी १९८०मध्ये काढलेला पीपल्स वॉर, त्याआधी २२ एप्रिल १९६९ला स्थापन झालेला भाकप (मार्क्सवादी-लेनिनवादी), आणि मुळाशी मे १९६७मधलं दार्जिलिंग जिल्ह्यातलं नक्षलबाडी गाव. हा वंशवेल एका मोठ्या चार्टपेपरवर काढ. फाटाफूट कुठे झाली, कोण कोणातून निघालं, तारखेसकट. असा एक कागद भिंतीवर लावलास की अर्धं प्रकरण डोळ्यांसमोर उभं राहतं.

उद्दिष्टांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. कागदावरचं उद्दिष्ट वेगळं आणि माणसं त्या संघटनेत का गेली ते वेगळं. कागदावर दीर्घकालीन लोकयुद्ध आहे, खेड्यांनी शहरांना वेढून सत्ता घेणं आहे. पण १९८०च्या दशकात तिथल्या आदिवासींना जवळचा वाटला तो तेंदूपत्त्याच्या पुड्याचा भाव, बांबूतोडीची मजुरी आणि जंगल खात्याच्या शिपायाची दमदाटी. हे लिहिलं म्हणजे त्यांची बाजू घेतली असं होत नाही. आणि पुढे त्याच आदिवासींतल्या कितीतरी जणांना ‘खबऱ्या’ ठरवून त्याच संघटनेने मारलं, हे लिहिलं म्हणजे सरकारची बाजू घेतली असंही होत नाही. या मेलेल्यांसाठी माझ्या वहीत चौथी शाई आली, काळी. त्यांची पत्रकं नसतात, आरोपपत्रात ते एका ओळीत असतात. १ मे २०१९ला जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने पोलिसांची गाडी उडवली, पंधरा जवान आणि गाडीचा चालक गेले. दुसऱ्या दिवशी ती नावांची यादी कापताना माझी कात्री थांबली होती. त्यात काही आडनावं त्याच मातीतली होती. मेलेल्यांत आदिवासी पोरंही होती, हे कुठल्याही जाहीरनाम्यात सापडणार नाही. ते यादी वाचून कळतं.

शेवटही अभ्यासात घे. ऑक्टोबर २०२५मध्ये माओवादी पक्षाच्या पॉलिट ब्युरोचा, म्हणजे वरिष्ठ नेतृत्वमंडळाचा, ज्येष्ठ सदस्य साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. शरण आलेल्यांच्या मुलाखतींची शाई कोणती, हा प्रश्न तुला पडेल. माणूस संघटनेतला, पण बोलतोय पोलिसांच्या छत्राखाली. मी निळ्याने लिहून खाली लाल रेघ मारते.

साधनं कोल्हापुरात बसून बरीच मिळतील. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात आधी जा. करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासूनचं आहे, तिथे जुन्या अंकांची चौकशी कर. निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या आणि उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात. यूट्यूबवरचे ‘नक्षलवादाचा संपूर्ण इतिहास २० मिनिटांत’ असले व्हिडिओ पाहू नकोस असं मी म्हणणार नाही, पण वहीत त्यातलं एक वाक्यही उतरवू नकोस.

प्रश्न : एखादी संघटना ‘बंदी घातलेली’ आहे हे नेमकं कुठे पाहायचं? बंदी म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं धरायचं का? (विधी शाखेचा विद्यार्थी, शाहूपुरी)

पाहायचं गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आणि राजपत्रात. पण तिथे दोन वेगळ्या याद्या आहेत, त्यांची गल्लत फार होते. बेकायदा कृत्ये (प्रतिबंध) कायदा, १९६७, म्हणजे सगळे ज्याला यूएपीए म्हणतात तो. त्याच्या कलम ३खाली ‘बेकायदा संघटना’ जाहीर करतात, आणि कलम ३५खाली पहिल्या परिशिष्टात ‘दहशतवादी संघटना’ घालतात. पहिल्या प्रकारात सरकारला तीस दिवसांत उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या न्यायाधिकरणाकडे जावं लागतं आणि न्यायाधिकरण सहा महिन्यांत निर्णय देतं. दुसऱ्या प्रकारात न्यायाधिकरण नाही. नाव काढायचं तर सरकारकडेच अर्ज, मग पुनर्विलोकन समिती. दहशतवादाची कलमं या कायद्यात २००४मध्ये आली, पोटा हा आधीचा दहशतवादविरोधी कायदा रद्द झाला तेव्हा. २६/११नंतर २००८मध्ये ती आणखी कडक झाली, राष्ट्रीय तपास यंत्रणाही तेव्हाचीच. २०१९पासून संघटनेऐवजी एकट्या माणसालाही दहशतवादी जाहीर करता येतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’. बंदी हा सरकारचा निर्णय, दोषसिद्धी हा न्यायालयाचा. सिमीचं, म्हणजे स्टुडंट्स इस्लामिक मूव्हमेंट ऑफ इंडिया या विद्यार्थी संघटनेचं उदाहरण घ्या. १९७७मध्ये अलीगढला स्थापना, पहिली बंदी २७ सप्टेंबर २००१ला, त्यानंतर वारंवार वाढवलेली. ५ ऑगस्ट २००८ला न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या न्यायाधिकरणाने सरकारने दिलेली कारणं अपुरी म्हणून बंदी उठवली आणि दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. बंदी कायम राहिली. अभ्यासकाला सोनं मिळतं ते या न्यायाधिकरणांच्या अहवालांत. सरकारने काय पुरावा दिला, संघटनेच्या वकिलाने काय विचारलं, साक्षीदार कुठे अडखळला, हे सगळं तिथे छापील आहे. राजपत्रात दोन पानांची अधिसूचना वाचून थांबू नका, त्यामागचा अहवाल मिळवा.

आणखी एक सवय लावून घ्या. प्रत्येक वाक्याला तारीख द्या. ११ जुलै २००६च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात २०१५मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जायची गरज नाही. २०१६ साली कुणी या घटनेवर पुस्तकी काम केलं असेल तर त्यातली हिरवी शाई आज हिरवी राहिलेली नाही. आणि १८०हून जास्त माणसं त्या संध्याकाळी घरी परतली नाहीत, त्यांना मारलं कोणी हे अजून उघडंच आहे. मला यातलं सगळ्यात जास्त हे लागतं.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजच्या प्रकल्पासाठी नक्षलवाद्यांची कागदपत्रं वाचते. घरात तसलं काही सापडलं तर पोलीस उचलतील अशी तिच्या मामांनी भीती घातलीय. प्रकल्प बदलायला सांगू का? (एक पालक, कागल)

भाऊ, बदलायला सांगू नका, पण मामांचं बोलणं हसण्यावारीही नेऊ नका. कायदा काय म्हणतो ते सांगते. केरळमधल्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये म्हटलं की नुसता संबंध किंवा साहित्य जवळ असणं पुरेसं नाही, संघटनेच्या कारवायांना पुढे नेण्याचा इरादा दिसायला हवा. हे वाचून धीर येतो. पण ते म्हणणं जामिनाच्या टप्प्यावरचं होतं, आणि पोरं २०१९च्या नोव्हेंबरमध्ये पकडली गेली होती. मधले कित्येक महिने त्यांनी तुरुंगात काढले. शिवाय मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच आधीचा निर्णय बदलून सांगितलं की बंदी असलेल्या संघटनेचं नुसतं सदस्य असणंही गुन्हा आहे. म्हणून वाचन आणि संबंध यांतली रेघ जाड ठेवायची.

घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत. मार्गदर्शक प्राध्यापकांचं, विषय आणि कालावधी लिहिलेलं, विभागाचा शिक्का असलेलं पत्र तिच्या फायलीत पहिल्या पानावर लावा. मूळ कागदपत्रं शक्यतो ग्रंथालयात वाचावीत, संशोधन संस्थांच्या संग्रहातून घ्यावीत, कुठून कधी घेतली ते लिहून ठेवावं. संघटनेच्या कुठल्या चॅनेलला, ग्रुपला जोडून घ्यायचं नाही, टोपण नावाने तर मुळीच नाही. त्यांचं पत्रक, व्हिडिओ मैत्रिणींना ‘बघ काय सापडलं’ म्हणून पुढे पाठवायचा नाही. कुणी ‘मी तुला आतल्या माणसाशी बोलायला देतो’ म्हणालं तर त्याच दिवशी सरांना सांगायचं. आणि सरकारने जप्त जाहीर केलेलं पुस्तक असेल तर त्याचा नाद सोडायचा, त्यावरचे निकाल वाचायचे. स्फोटकं कशी बनवतात, शस्त्र कुठून येतात, याच्या तपशिलात तिच्या प्रकल्पाला काहीच काम नाही. ‘कारवाया’ म्हणजे कोणावर, कुठे, कधी, कशासाठी आणि परिणाम काय, एवढं.

एक विनंती. ती रात्री हे वाचत बसते, तेव्हा अधूनमधून तिच्याजवळ जाऊन बसा. या कागदांत मेलेली माणसं फार असतात. मी कामावर होते तेव्हा घरी येऊन जेवायला न बसता नुसती देवघरासमोर बसायचे, तेव्हा आई काही न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवायची. तुम्हीही तेवढं करा.

प्रश्न : एकाच घटनेतल्या मृतांचे आकडे तीन ठिकाणी तीन. कोणता घेऊ? (इचलकरंजी)

तिन्ही घ्या, कोण म्हणतं ते लिहून. अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठात तयार झालेला ‘ग्लोबल टेररिझम डेटाबेस’ १९७०पासूनच्या दोन लाखांहून जास्त घटनांचा आहे, दिल्लीच्या इन्स्टिट्यूट फॉर कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंटचं ‘साउथ एशिया टेररिझम पोर्टल’ आपल्या भागासाठी जवळचं. दोन्हींची भिस्त मुख्यतः छापून आलेल्या बातम्यांवर. जिथे बातमीदार पोचत नाही तिथला मेलेला माणूस आकड्यातही पोचत नाही. दवाखान्यात आठवड्याने गेलेला जखमीही बरेचदा सुटतो. आकडा वापरण्याआधी त्या संग्रहाने ‘दहशतवादी घटना’ कशाला म्हटलंय ते पान वाचा, मगच तुलना करा.

प्रश्न : माझे आजोबा पत्री सरकारात होते, कुंडलच्या बाजूला. नातू म्हणतो, इंग्रजांच्या कागदात त्यांना गुन्हेगार, दरोडेखोर म्हटलंय, मग आजच्या व्याख्येने ते दहशतवादीच ठरतील. मला रात्रभर झोप लागली नाही. (निवृत्त प्राथमिक शिक्षक, सध्या राहणार कळंबा)

गुरुजी, नातवावर रागावू नका. त्याने खरा प्रश्न विचारलाय. जगाला तो अजून सुटलेला नाही, संयुक्त राष्ट्रांत दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या आजही नाही.

मला विचाराल तर मी संघटनेच्या नावाला शिक्का मारण्याआधी कृत्य मांडते. कोणावर हात उचलला? सामान्य माणसाला घाबरवून सत्तेला वाकवणं हा हेतू होता का? मत मांडायचा, सरकार बदलायचा दुसरा मार्ग होता का? १९४३पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात, तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यातच होता, जे उभं राहिलं त्यात ७ जून १९४३ची शेणोलीची रेल्वे लूट आहे, धुळ्याचा खजिना आहे, तुफान सेना आहे. पण गावोगावची न्यायमंडळं आहेत, कमी खर्चातली गांधी पद्धतीची लग्नं आहेत, दारूबंदी आहे. लूट परक्या सत्तेच्या तिजोरीची होती, बाजारातल्या गर्दीवर बॉम्ब नव्हता. म्हणून मी त्यांना दहशतवादी म्हणत नाही, आणि हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

तरीही नातवापासून काही लपवू नका. ‘पत्री’ हा शब्द लोकांच्या तोंडी आला तो पायाला पत्री ठोकण्याच्या शिक्षेवरून, असं म्हातारी माणसं सांगतात. शिक्षा झालेल्यांत सगळे सावकाराचे गुंड आणि खबरेच होते का? एखादा जुन्या भाऊबंदकीचा बळी होता का? आजोबांनी यावर कधी काही सांगितलं असेल तर ते आठवेल तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. तुमच्याशिवाय ती ओळ आता कुणाकडेच नाही. नातवाला घेऊन मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात जा, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. गृह खात्याच्या ‘स्पेशल’ शाखेच्या फायली मागा. ओळखपत्र आणि अर्ज लागतो. संस्थानी हद्दीतल्या हालचालींसाठी इथलं कोल्हापूरचं पुराभिलेख कार्यालय आहेच. इंग्रज अधिकाऱ्याने आजोबांबद्दल लिहिलेलं वाचताना हात थरथरेल. वाचा. ती लाल शाई आहे. तुमच्या घरातली आठवण निळी. दोन्ही एकाच वहीत शेजारी-शेजारी राहू देत.

प्रश्न : आमच्या गटाला कॉ. गोविंद पानसरे यांच्या खुनावर प्रकल्प करायचाय. यामागे कोणती संघटना होती ते शोधून काढायचंय. तुमच्याकडे कात्रणं आहेत का? (चार विद्यार्थी, राजारामपुरी)

आहेत. पण आधी थोडं बोलू.

१६ फेब्रुवारी २०१५ची सकाळ मला घड्याळासकट आठवते. ते आणि उमाताई फिरून घरी परतत होते, मोटारसायकलवरून दोघे आले आणि गोळ्या झाडल्या. उमाताईंनाही गोळी लागली. चार दिवसांनी, २० तारखेला, मुंबईत त्यांनी प्राण सोडला. मी त्यांना बिंदू चौकात कितीदा ऐकलं होतं. घरकामवाल्या बायका, रिक्षावाले, टोलविरोधी आंदोलनातले लोक, सगळ्यांना नावाने ओळखणारा माणूस. त्या दिवशी संदर्भ विभागात संपादक स्वतः आले आणि म्हणाले, ‘पाकीट काढा.’ त्यांचं पाकीट जिवंत माणसांच्या कपाटात होतं. ते मी तिथून काढून दुसऱ्या कपाटात ठेवलं. या कामात मला सगळ्यात जड गेलेली हालचाल तीच.

म्हणून तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. पण ‘कोणती संघटना होती ते शोधून काढायचंय’ हे वाक्य प्रस्तावातून काढा. ते काम तपास यंत्रणेचं आणि न्यायालयाचं आहे. चार विद्यार्थ्यांनी कुणाचं नाव घेतलं तर उद्या नोटीस तुमच्या घरी येईल, आणि त्याहून वाईट म्हणजे मालेगावच्या पाकिटावर मी केलं तेच तुम्ही कराल. तुम्ही दुसरा प्रश्न घ्या. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५मध्ये पानसरे, ३० ऑगस्ट २०१५ला धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी, ५ सप्टेंबर २०१७ला बेंगळुरूत गौरी लंकेश. या चार खुनांतले दुवे तपास यंत्रणांनी न्यायालयांसमोर कसे मांडले, केव्हा मांडले, आणि कोणत्या न्यायालयाने त्यातलं काय मान्य केलं? हा प्रश्न चौघांना पुरून उरेल.

दाभोलकर खटल्याचा १० मे २०२४चा पुण्यातल्या विशेष न्यायालयाचा निकाल आधी वाचा. दोघांना खुनासाठी जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले, आणि दहशतवादी कृत्याचं कलम मात्र सिद्ध झालं नाही. म्हणजे ज्या खुनाने राज्यातला प्रत्येक विवेकी माणूस हादरला, त्याला कायद्याच्या भाषेत काय म्हणायचं यावरच हिरवी शाई वेगळं बोलते. यावर तुमच्यात वाद होऊ दे, खूप होऊ दे. मग पानसरे आणि दाभोलकर कुटुंबीयांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने तपासावर कित्येक वर्षं जी देखरेख ठेवली, त्यातले आदेश तारखेने लावा. तपास का रखडला, न्यायमूर्ती कोणत्या शब्दांत नाराज झाले, ते त्या आदेशांत आहे. ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, पण हे जुने आदेश मुंबईतले आहेत, संकेतस्थळावर तिथलेच शोधा. जिल्हा न्यायालयातल्या खटल्याच्या तारखा ई-कोर्ट्सवर सोळा अक्षरांच्या सीएनआर क्रमांकाने दिसतात.

साक्षीदारांना भेटायला जाऊ नका. घरच्यांना प्रश्नावली पाठवू नका. आरोपींच्या नातेवाइकांच्या दारात तर नाहीच.

कात्रणं माझ्या घरी आहेत, निवृत्तीच्या वेळी झेरॉक्स करून घेतलेली, दोन खोकी. शनिवारी दुपारी तीननंतर चालेल, तारीख संपादकांच्या पत्त्यावर कळवा. पेन्सिली आणा, पेन खोक्यांजवळ चालणार नाही. एका बैठकीत होणार नाही, तेव्हा चौघांनी महिने वाटून घेऊन या. फेब्रुवारी २०१५चं पाकीट मी स्वतः उघडून देईन, त्यातली चार कात्रणं फार ठिसूळ झाली आहेत.